एका पिंजऱ्यात चार-सहा बजी ठेवायचेत? आधी माद्या मोजा

आमच्या नागपुरात बजीला, म्हणजे बजरीगार या छोट्या रंगीत पोपटाला, कोणी बजी म्हणतच नाही. दुकानात जा नाहीतर रस्त्याच्या कडेला पिंजरे मांडून बसलेल्या भाऊकडे जा, सगळीकडे एकच, "लव्हबर्ड घ्या, लव्हबर्ड". मलाही चार वर्षांआधी लव्हबर्ड म्हणूनच विकले होते, मुलीच्या वाढदिवसाला, अन् वरून "ताई, दोन जोड्या देतो, मटकी फुकट, दोन महिन्यांत पिल्लं बघा तुम्ही" असं. मटकी म्हणजे उसळीची नाही बरं का, बाजूला भोक असलेलं मातीचं लहान मडकं असतं ते पिंजऱ्यात टांगतात. घरी आलो, मडकं टांगलं, पोरीने नावं ठेवली. पिवळा तो पोहा, निळा तो फुटाळा, हिरवी ती सावजी, पांढरी ती बर्फी. तीन महिने मजेत गेले. मग हळूहळू सगळ्यांच्या नाकांचे रंग उघडले, त्यावरूनच नर-मादी ओळखतात, अन् कळलं की दोन जोड्या वगैरे काही नाही, तीन माद्या अन् एक नर घेऊन बसलोय आपण. पोहा चक्क बाई निघाला. नाव मात्र पोहाच राहिलं, आता काय बदलायचं.

त्यानंतर जे झालं ते पुढे सांगते, पण जे लोक मला विचारून राहिले की एका पिंजऱ्यात किती बजी ठेवायचे, नर किती मादी किती, भांडतात काऊन, त्यांना मी पहिले हेच सांगते की बाप्पा आधी माद्या मोजा, मग ते मडकं काढून फेका, अन् मग पिंजरा मोठा घ्या. याच क्रमाने. लोक उलटं करतात, मोठा पिंजरा आणतात, त्यात दोन मडकी टांगतात अन् माद्या किती आहेत हेच माहीत नसतं.

खरे लव्हबर्ड वेगळे असतात हे आधीच सांगून ठेवते. ते आफ्रिकेतले, शेपूट आखूड, चोच जाड, अन् ते बजीसोबत ठेवले तर बजीच्या पायाची बोटं चावून तोडतात, त्यामुळे दोघांना एकत्र कधीच नाही. बजी ऑस्ट्रेलियातला, तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, शेपूट लांब, डोक्यापासून पाठीपर्यंत काळ्या लाटा. आणि आपला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट, मिठ्ठू, तो तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात पाळताच येत नाही, तो बजीसोबत ठेवू का हा प्रश्नच नको.

आता नर-मादी कसं ओळखायचं. चोचीच्या वर जिथे दोन नाकपुड्या दिसतात तो गुळगुळीत फुगीर भाग असतो ना, त्याला मी सरळ नाक म्हणते, सगळा खेळ त्याचा आहे. मोठ्या नराचं नाक निळं असतं, गडद, एकसारखं. मोठ्या मादीचं तपकिरी किंवा मातकट, आणि ती अंड्यावर यायच्या मूडमध्ये असली की ते जाड, खरखरीत होतं, पोळीवर करपलेला डाग असतो ना तसं. इथवर सोपं आहे. गोंधळ लहान पिल्लांमध्ये होतो, अन् दुकानात बहुतेक लहानच असतात. लहान नराचं नाक गुलाबी-जांभळं असतं, सगळीकडे एकसारखा रंग. लहान मादीचं फिकट निळसर-पांढरं असतं अन् नाकपुड्यांच्या भोवती पांढरी कडी दिसतात. म्हणजे बघा, जे निळसर दिसून राहिलं ती मादी अन् जे गुलाबी दिसून राहिलं तो नर, अगदी उलट. आमच्या पोह्याचं नाक असंच फिकट निळं होतं, दुकानदार म्हणाला "निळं नाक, नर", आम्ही मान हलवली. पांढरी कडी समोर होती पण बघायचं असतं हे कोणाला माहीत.

एक अपवाद पण आहे. लाल डोळ्याचा पूर्ण पिवळा किंवा पूर्ण पांढरा बजी असेल, ल्युटिनो-अल्बिनो म्हणतात त्याला, तर त्याच्यातल्या नराचं नाक मोठेपणीही गुलाबी-जांभळंच राहतं, निळं होतच नाही. काही चितकबऱ्या बजींचंही तसंच. तिथे वागणं बघायचं. नर दिवसभर बडबडतो, मान वरखाली करतो, दांडीवर चोच टकटक वाजवतो, आरशाशी, घंटीशी, जो दिसेल त्याच्याशी गप्पा. मादी कमी बोलते, लाकूड कुरतडते, अन् हातात धरली तर अशी चावते की पाणी येतं डोळ्यांत. वय ओळखायचं असेल तर कपाळ बघा, कपाळावरच्या काळ्या रेषा नाकापर्यंत आलेल्या असतील तर पिल्लू तीन-चार महिन्यांच्या आतलं, पहिल्यांदा पिसं गळली की कपाळ साफ होतं. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली नाकाचा रंग काही खरा दिसत नाही, पिंजरा घेऊन दारात उजेडात या, दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

आता मुख्य गोष्ट, किती नर अन् किती माद्या. माझ्या मते नवीन माणसाने नुसते नर घ्यावे. दोन, चार, सहा, कितीही, पिंजरा पुरला पाहिजे फक्त. नर एकमेकांना खाऊ भरवतात, मान खाजवून देतात, दिवसभर गाणी, भांडण झालं तरी चोचीला चोच लावून दोन शब्द अन् संपलं. लोकांना वाटतं नर नर भांडतील, कोंबड्यांसारखं, पण बजीत तसं नाही, इथे राज्य बायकांचं आहे. पिल्लं नको असतील, अन् फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खरं तर नकोच असतात, तर नरांच्या पिंजऱ्यासारखं सुख नाही.

नर-माद्या दोन्ही हवे असतील तर जोडीला जोडी, तीन नर तीन माद्या असं. किंवा एखादा नर जास्त चालेल, म्हणजे पिल्लं काढत नसाल तेव्हा. पण मादी एकही जास्त नको. एक नर दोन माद्या हा सगळ्यात वाईट हिशोब, अन् आमच्याकडे तर तीन होत्या. नुसत्या माद्या मोठ्या पिंजऱ्यात मडक्याशिवाय राहू शकतात, राहतात पण, पण त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं अन् मी तरी कोणाला सुचवणार नाही. हेही खरं की प्रत्येक पक्ष्याचा स्वभाव वेगळा. आमची बर्फी इतकी गरीब की सावजीने तिच्या तोंडचा दाणा काढून घेतला तरी ती बाजूला सरकून बसायची. पण सगळ्या बर्फीच निघतील या भरवशावर राहता येत नाही.

मडक्याचं आता. हे समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप समजेल. ऑस्ट्रेलियात हे पक्षी मोठ्या थव्याने राहतात, पाण्यामागे अन् गवताच्या बियांमागे फिरतात, पाऊस झाला दाणा मुबलक झाला की झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. ढोली शोधायची कोणी तर मादीने, राखायची पण मादीनेच. चांगल्या ढोल्या मोजक्याच असतात, म्हणून त्या भोकासाठी ती जीव तोडून भांडते. तिकडे हरलेली मादी उडून दुसऱ्या झाडावर जाते, विषय संपला. आपल्या पिंजऱ्यात ती कुठे जाणार? दीड फुटावर जाळी. आता तुम्ही त्या पिंजऱ्यात एक मडकं टांगलं म्हणजे तीन माद्यांच्या मधोमध एक ढोली टांगली. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ते मडकं बघून म्हटलं होतं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत अन् तुम्ही तर तीन ठेवून राहिले. आम्ही हसलो होतो.

तर पिल्लं काढायची नसतील तर मडकं, लाकडी खोका, नारळाची करवंटी, झोपायची कापडी पिशवी, जे जे भोकासारखं किंवा गुहेसारखं दिसतं ते पिंजऱ्यात नको. काही माद्या टोपीवाल्या दाण्याच्या वाटीतही घुसून बसतात, अशी दिसली तर वाटी बदला. रात्री दहा-बारा तास पूर्ण अंधार अन् शांतता द्या, कारण दिवस लांब अन् खाणं भरपूर असलं की त्यांच्या अंगात अंड्याचं वारं शिरतं. हॉलमध्ये पिंजरा असेल अन् रात्री अकरापर्यंत टीव्ही-ट्यूबलाइट चालू असेल तर मादी तापलेलीच राहणार. आम्ही साडेसातला जुनी सुती चादर टाकतो, खालून हवेला जागा ठेवून.

अन् मडक्याशिवायही एखादीने पिंजऱ्याच्या तळाला अंडं घातलंच तर लगेच उचलून फेकू नका. फेकलं की ती आणखी घालते, अन् घालत राहते, तिच्या हाडातलं कॅल्शियम त्यात जातं. अंडी उकडून गार करून परत तिच्याजवळ ठेवा, बसू द्या दोन-तीन आठवडे, कंटाळून स्वतःच सोडते, मग काढा.

पिंजरा घेताना उंचीवर भाळू नका. बजी हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही, आडवा उडतो, त्यामुळे लांबी महत्त्वाची. एका जोडीला किमान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. चार-सहा पक्ष्यांना चार फूट लांब अन् दोन फूट रुंद तरी घ्या, त्याहून मोठा मिळाला तर सोनेपे सुहागा. गोल पिंजरा, तो घुमटवाला, दिसायला छान पण कामाचा नाही, कोपराच नाही तर घाबरलेला पक्षी पाठ कुठे टेकवणार. सळ्यांमधलं अंतर अर्धा इंच, त्याहून जास्त असलं की डोकं अडकतं. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेत असाल तर एक सांगते, चकचकीत जीआय जाळीवर जस्ताचा थर असतो, बजी दिवसभर जाळी चावतात अन् ते जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. पावडर कोटिंग करून घ्या, ते नाही जमलं तर निदान व्हिनेगर लावून ब्रशने खसाखसा घासा, धुवा, उन्हात वाळवा, मग वापरा.

आतमध्ये मात्र भांडणाचं गणित बसवायचं असतं. दाण्याच्या वाट्या पक्षी चार असतील तर किमान दोन-तीन, अन् वेगवेगळ्या टोकाला, शेजारी शेजारी नाही. एकच वाटी असली की एक दादा तिच्यावर बसतो अन् बाकीचे उपाशी. पाण्याचं पण तसंच, दोन जागी. दांड्या सगळ्या एका उंचीवर लावल्या तर भांडण कमी होतं, कारण सगळ्यांना सगळ्यात वरची जागा हवी असते, विशेषतः झोपताना. मी वरच्या बाजूला दोन्ही टोकांना सारख्या उंचीच्या लांब काठ्या लावल्यात, मधला भाग उडायला मोकळा. पिंजऱ्यासोबत येतात त्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका, कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या लावा, जाड-बारीक, वेड्यावाकड्या, पाय चांगले राहतात अन् साल सोलण्यात माद्यांचा दिवस जातो. ज्या मादीला कुरतडायला काम आहे ती दुसरीच्या मागे कमी लागते, हे मी रोज बघते. फांदी रस्त्यावरची असेल तर आधी धुऊन घ्या.

नवीन पक्षी आणला तर तो थेट पिंजऱ्यात सोडायचा नाही. हे सगळे करतात अन् सगळे पस्तावतात. आधी महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत. दुकानातून चोचीवर, पायावर पांढरी खरबरीत पुटं आणणारे किडे येतात, जुलाब येतात, श्वासाचे आजार येतात, एकामुळे सगळे जातात. महिना नीट गेला की दोन पिंजरे शेजारी ठेवा, आठवडाभर तरी, आवाज अन् चेहरे ओळखीचे होऊ द्या. मग ज्या दिवशी एकत्र करायचं त्या दिवशी सकाळी मोठ्या पिंजऱ्यातली सगळी मांडणी बदलून टाका, काठ्या इकडच्या तिकडे, वाट्या तिकडच्या इकडे, म्हणजे जुन्यांनाही ते घर नवीन वाटतं अन् "ही माझी जागा" हा प्रकार थोडा कमी होतो. सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे दिवसभर नजर ठेवता येते. जमलंच तर सगळे पक्षी एकाच दिवशी एका नव्या पिंजऱ्यात टाकणं हे सगळ्यात बरं.

भांडण कोणतं साधं अन् कोणतं खरं हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर उगाच बीपी वाढतो. चोच उघडून ओरडणं, एकमेकाला दांडीवरून सरकवणं, चोचीवर चोच मारणं, पाय उचलून ढकलणं, हे घरातलं नेहमीचं. खरं भांडण शांत असतं, हे मला नंतर कळलं. आवाज कमी अन् पाठलाग जास्त. एकजण दुसऱ्याला दाण्याजवळ येऊच देत नाही, ज्याला मार पडून राहिला तो तळाला किंवा कोपऱ्यात जाळीला चिकटून बसतो, डोक्यावरची, नाकाजवळची पिसं विस्कटलेली, अन् शेवटी पाय.

आमच्याकडे पोह्याचा पाय होता. नोव्हेंबरची सकाळ, मी चादर काढली तर सावजी मडक्याच्या तोंडात अर्धी बाहेर बसलेली, अगदी शांत, जणू काही झालंच नाही, अन् मडक्याच्या काठावर बाहेरून लाल ओघळ सुकलेला. पोहा खाली पेपरवर, एक पाय पोटात ओढून. हातात घेतली तर पुढच्या एका बोटाचं टोकच नव्हतं. तिने रात्री कधीतरी मडक्यात शिरायचा प्रयत्न केला असणार. मी कॉर्नफ्लोअर दाबून धरलं, पाच मिनिटं, माझाच हात थरथरत होता, रक्त थांबलं. एवढ्या लहान जिवात रक्तच मुळात चमचाभर, म्हणून थेंब थेंब गळत असेल तरी थांबवा आधी, मग डॉक्टर. त्याच दिवशी मडकं खाली आलं अन् सावजी जुन्या पिंजऱ्यात गेली.

मार खाणाऱ्याला बाहेर काढायचं की मारणाऱ्याला? मारणाऱ्याला. मारणारी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून परत आणली, मांडणी बदललेली असली, तर कधी कधी तिचा रुबाब उतरलेला असतो. आम्ही दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तर तासाभरात तिने बर्फीला कोपऱ्यात धरलं, मग मी नाद सोडला. ज्या पक्ष्याचं जमत नाही त्याचं जमत नाही.

आता आपल्या नागपूरचा उन्हाळा. बजी मूळचा कोरड्या गरम मुलखातला, त्याला ऊन नवीन नाही असं लोक म्हणतात, पण तिकडे तो सावलीला जातो, पाण्यावर जातो. आपल्या गॅलरीत मे महिन्यात ४५ च्या वर पारा, अन् तो पिंजऱ्यात. एप्रिलपासून पिंजरा गॅलरीतून आत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. कूलर चालतो पण थेट झोतात ठेवू नका, हवा खोलीत फिरली पाहिजे, अंगावर नाही, अन् कूलरच्या जुन्या ताट्या बुरशी धरतात त्या सीझनच्या सुरुवातीला बदला, ती बुरशी पक्ष्यांच्या छातीत बसते. पाणी दिवसातून तीनदा बदला, एक उथळ ताटली आंघोळीला ठेवा, तिच्यावरूनही भांडतील, दोन ठेवा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मी ऑफिसातून फोन करून सासूबाईंना विचारते पाणी आहे का. पक्षी पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर त्याला ऊन लागतंय, थंड खोलीत न्या, पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फाचं पाणी नाही. अन् गर्मीत गर्दी आणखी त्रास देते, सहा पक्षी लहान पिंजऱ्यात असतील तर भांडणं मे महिन्यातच जास्त होतात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा उलटं, वाऱ्याच्या झोतातून हलवा, रात्री जाड कापड.

खाण्याचं थोडक्यात. बाजरी, राळं (दुकानात कांगनी म्हणतात), थोडे कॅनरी सीड, हे मिश्रण रोज. नुसत्या दाण्यावर नका ठेवू, पालेभाजी द्या, मेथी, शेवग्याचा पाला, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या नणंदेने फोनवर ऐकलं अन् तिला वाटलं मी पक्ष्यांना इडलीचं सांबार देऊन राहिले. गाजर किसून, संत्र्याची एखादी फोड कधीमधी, नागपुरात राहून ते नाही दिलं तर काय. समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी) टांगा, इतवारीत जडीबुटीच्या दुकानात मिळतं, माद्यांना तर लागतंच. उकडलेलं अंडं आठवड्यातून एकदा ठीक, पण रोज रोज देऊ नका, त्याने पण त्या तापतात. अवोकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, मीठ नको. अन् नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर तापला की त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात, हे खरं आहे, स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दारात पिंजरा ठेवू नका. मच्छर अगरबत्ती, धूप, सावजी रश्शाची फोडणी, हे सगळं दूर.

पिल्लं काढायचीच असतील तर मग नियम वेगळे. पक्षी वर्षाचे झालेले हवे, जोड्या पूर्ण हव्या, एकही सुटी मादी पिंजऱ्यात नको. तीन जोड्या असतील तर खोके सहा, म्हणजे दुप्पट, अन् सगळे एकाच उंचीवर एकाच दिवशी लावायचे, एखादा वर लावला की सगळ्यांना तोच हवा. मादी एकाआड एक दिवस अंडं घालते, चार-सहा होतात, अठरा दिवसांच्या आसपास फुटतात, पिल्लं महिन्याभराने बाहेर येतात. बाहेर आल्यावर आठ-दहा दिवस बाप भरवतो, पण आईला पुढच्या अंड्यांचं वेध लागलेलं असतं अन् ती स्वतःच्याच पिल्लांना टोचते, त्यामुळे पिल्लं स्वतः खायला लागली की त्यांना वेगळं करा. वर्षाला दोन वेळा पुरे, मग खोके काढून ठेवायचे. एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. मादी पिसं फुलवून तळाला बसली, शेपटी वरखाली होतेय, जोर लावतेय अन् अंडं येत नाहीये तर ऊब द्या अन् तासाभरात डॉक्टर गाठा, उद्या बघू म्हटलं तर उद्या ती नसते.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पक्षी बघणारे कमी. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करून ठेवा पक्षी कधी बघतात. अन् पिंजरा साफ करताना कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही फुफ्फुसाचा ताप येऊ शकतो, घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना हे काम देऊ नका.

जास्तीची मादी असेल तर काय करायचं हा शेवटचा प्रश्न नेहमी येतो. बाहेर सोडून देऊ नका, "मुक्त केलं" वगैरे काही नसतं त्यात, कावळे नाहीतर घारी संध्याकाळच्या आत तिला संपवतात. ओळखीत कोणाकडे एकटा नर असेल तर देऊन टाका किंवा बदलून घ्या. आम्ही बर्फी अशीच दिली, मानेवाड्याला, तिथे तिचं छान चाललंय. पोहा अन् फुटाळा मोठ्या पिंजऱ्यात, त्यांच्यासोबत नंतर आणलेले दोन नर, या वेळी नाकं मी दारात उजेडात बघून आणले. सावजीचा पिंजरा शेजारी, हातभर अंतरावर, चोच पोचणार नाही एवढं. फुटाळा जाळीला लटकून तिच्याशी बोलत असतो अन् ती ऐकत असते, पेरूची फांदी सोलत.